झडती घ्या, पण कागद द्या

सोनगीर म्हटलं की खानदेशातल्या माणसाला डोंगरावरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी आठवतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र त्याआधी आठवतो तो मुंबई-आग्रा महामार्ग. हा रस्ता गावाला रोजी देतो, शिरपूर-सेंधव्याकडून येणारी माणसं आणि माल धुळ्याकडे नेतो आणि रात्री-अपरात्री नाकाबंदीचा दिवाही दाखवतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज होऊन तासभर झाला असेल. शेजारच्या खाला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा गावोगाव फिरून जुन्या भांड्यांची मोड गोळा करतो. त्या रात्री तो घरी आला नव्हता, फोनही बंद लागत होता. मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी दोन-चार ठिकाणी फोन केले, पण काही कळेना. पहाटे तीनच्या सुमारास तो स्वतःच परतला.

वाटेत एका नाकाबंदीत त्याला थांबवलं होतं. कुठल्या हद्दीत, ते इथे महत्त्वाचं नाही. गाडीत पितळेची मोड होती. घरोघरी विकत घेतलेल्या फुटक्या तांब्या-घागरींची पावती कोण देतं? त्याच्याकडेही नव्हती. नाव विचारलं, गोणी उपसल्या, मोबाइल उघडायला लावून त्यातले फोटो आणि संदेश पाहिले. मग बाकड्यावर बसवून ठेवलं. चार तासांनी "जा" म्हणाले. कोणी मारलं नाही, पैसे मागितले नाहीत. मोबाइल आणि मालही परत मिळाला.

दुसऱ्या दिवशी खाला मला म्हणाल्या, "बेटी, पोलिसांनी तपासलं त्याचं मला दुःख नाही. पण कशासाठी तपासलं आणि काही सापडलं नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. आता मोहल्ल्यात लोक विचारतात, पोरानं काय केलं होतं?"

मी गप्प बसले. तक्रार करायची तरी कशाच्या जोरावर? त्याला थांबवलं होतं याचा एकही पुरावा त्याच्या हातात नव्हता. तेव्हापासून खालांची ती चिठ्ठी माझ्या डोक्यात आहे. हा लेख तिच्याविषयीच आहे.

नाकाबंदी नकोच का?

वाचक बंधू-भगिनींनो, आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. पोलिसांनी रस्त्यावर तपासणी करूच नये, असं म्हणणं योग्य नाही. मध्य प्रदेशाची सीमा आपल्यापासून लांब नाही. या रस्त्यानं गुटखा येतो, बनावट दारू येते, गावठी कट्टे येतात, गांजा येतो. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी तो आपल्याच मुलांच्या खिशात सापडतो. ही वाहनं अडवली गेली तर फायदा आपल्याच घरांचा आहे.

प्रश्न अधिकाराचा नाही, अधिकार कसा वापरला जातो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतं याचा आहे. कोणाला थांबवायचं हे गाडीवरून ठरलं की दाढीवरून, नंबरप्लेट पाहून की नाव ऐकून, याची नोंदच नसेल तर चांगल्या अधिकाऱ्याचं चांगलं कामही सिद्ध होत नाही आणि वाईट अधिकाऱ्याची मनमानीही उघड होत नाही.

ब्रिटननं हा धडा कसा शिकला

आपल्या पोलीस व्यवस्थेचं मूळ इंग्रजी अमलात आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे काय घडलं ते पाहू. १८२४ च्या तिथल्या भटक्यांविषयीच्या कायद्यात एक तरतूद होती. गुन्हा करण्याच्या इराद्यानं रेंगाळतो आहे, असा संशय आला की पोलीस माणसाला पकडू शकत. गेल्या शतकात या तरतुदीचा जाच प्रामुख्यानं काळ्या तरुणांना झाला. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी मोहीम काढली आणि काही दिवसांतच नऊशेहून अधिक लोकांना रस्त्यावर थांबवलं. त्यातून दंगल उसळली. लॉर्ड स्कारमन यांनी चौकशी केली. त्याच वर्षी ती जुनी संशयाची तरतूद रद्द झाली आणि १९८४ मध्ये पोलिसांच्या अधिकारांचा आणि पुराव्यांचा नवा कायदा आला.

या कायद्यानं पोलिसांचा झडतीचा अधिकार काढून घेतला नाही, त्याला शिस्त लावली. थांबवण्यासाठी ठोस आणि रास्त कारण हवं. माणसाचा रंग, धर्म किंवा पेहराव हे कारण होऊ शकत नाही. अधिकाऱ्यानं झडतीपूर्वी आपलं नाव, ठाणं, थांबवण्याचं कारण, काय शोधतो आहे आणि कोणत्या कायद्यानं, हे सांगायचं. गणवेशात नसेल तर ओळखपत्र दाखवायचं. चारचौघांत फक्त बाहेरचा कोट, जाकीट आणि हातमोजे काढायला सांगता येतात. डोक्यावरचं वस्त्र किंवा नकाब धार्मिक असेल तर ते लोकांच्या नजरेआड, आणि शक्य तिथे स्त्रीसाठी स्त्री अधिकाऱ्यासमोर, उतरवू द्यावं, असं नियमावली सांगते. आणि ज्याची झडती झाली त्याला तिच्या नोंदीची प्रत मागता येते, अगदी तीन महिन्यांनंतरपर्यंत.

म्हणजे खालांनी मागितलेली चिठ्ठी तिथे कायद्यात आहे.

यामुळे तिथला अन्याय संपला का? नाही. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यात संशयाशिवाय झडती घेण्याची मुभा पोलिसांना मिळाली आणि त्याचा चटका मुसलमानांना आणि आशियाई लोकांना बसला. पुढे शस्त्रास्त्र प्रदर्शनाबाहेर अडवलेल्या दोघांनी, एका विद्यार्थ्यानं आणि एका पत्रकार महिलेनं, दाद मागितली. 'गिलन आणि क्विंटन' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ही मोकळी मुभा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते, असा निर्णय दिला. सरकारला ते कलम बदलावं लागलं. आजही इंग्लंडमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या माणसांची झडती सुमारे चारपट प्रमाणात होते. पण ही 'चारपट' आपल्याला कशी कळली? प्रत्येक झडतीची नोंद होते म्हणून. अन्याय तिथेही आहे, पण तो मोजता येतो. जो मोजता येतो त्याच्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात जाता येतं.

आपला कायदा काय सांगतो

'थांबवा आणि तपासा' असं एकच सरसकट कलम आपल्याकडे नाही. हे अधिकार अनेक कायद्यांत विखुरलेले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद परिस्थितीत आढळण्याचा गुन्हा आहे, तर कलम १२४ मध्ये चोरीचा वाटणारा माल जवळ असून त्याचा समाधानकारक खुलासा न देण्याचा. मोडीची गोणी घेऊन रात्री निघालेल्या माणसाला या दोन्ही कलमांची भीती दाखवता येते. इंग्लंडनं १९८१ मध्ये टाकून दिलेल्या संशयाची सावली आपल्या कायद्यात अजून आहे.

पण त्याच वेळी आपल्या हातात बरंच काही आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर वाचता येईल असं नाव हवं आणि अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं व्हायला हवा (कलम ३६). अटकेचं कारण लगेच सांगायला हवं (कलम ४७) आणि घरच्या माणसाला किंवा मित्राला कळवायला हवं (कलम ४८). हे नियम सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिले होते, ते आता कायद्यातच आहेत. अटकेनंतर अंगझडती घेतली तर काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते आणि स्त्रीची झडती फक्त स्त्रीनंच, सभ्यता राखून घ्यायची (कलम ४९). चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायलाच हवं (कलम ५८).

घराची झडती घ्यायची तर परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, यादी हवी आणि घरमालकाला तिची प्रत हवी (कलम १०३). नव्या संहितेनं आणखी एक मोठी गोष्ट आणली आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं (कलम १०५). मोबाइलच्या कॅमेऱ्यानंही ते करता येतं.

अमली पदार्थांच्या कायद्यात तर झडतीआधीच हक्क सांगावा लागतो. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, अशी मागणी संशयिताला करता येते (कलम ५०). हा हक्क त्याला सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा प्रकरणात ठामपणे सांगितलं. मात्र ही तरतूद अंगझडतीपुरतीच आहे, पिशवी किंवा वाहन तपासण्याला ती लागू होत नाही.

आणि मोबाइल? ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस मोबाइल जप्त करू शकतात (कलम १०६), तो हजर करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात (कलम ९४). पण रस्त्यावर उभं करून, कोणत्याही गुन्ह्याची नोंद नसताना, कुटुंबाचे फोटो आणि बायकोचे संदेश चाळावेत, अशी सरसकट मुभा कुठल्याही कलमात दिलेली नाही.

एवढं सगळं असूनही एक फट राहतेच. हे बहुतेक नियम अटक, जप्ती किंवा गुन्ह्याचा तपास सुरू झाला की लागू होतात. खालांच्या मुलाचं यातलं काहीच झालं नव्हतं. त्याला थांबवलं, तपासलं, बसवलं, सोडलं. कायद्याच्या दृष्टीनं जणू ती रात्र उगवलीच नाही.

जे पोलीस नाहीत, त्यांचं काय?

आपल्या भागातल्या लोकांना आज खरी धास्ती वेगळ्याच झडतीची आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातले एक वृद्ध गृहस्थ कल्याणला आपल्या मुलीकडे निघाले होते. जवळच्या बरण्यांत मांस होतं. इगतपुरीच्या आसपास डब्यातल्या काही तरुणांनी बरण्या तपासल्या, "हे काय आहे" म्हणून जाब विचारला, शिव्या दिल्या, मारलं आणि त्याची चित्रफीतही काढली. ती पसरल्यावर ठाणे रेल्वे पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि पुढे कलमं वाढवली. मुलीसाठी खाऊ घेऊन निघालेल्या बापाची बरणी उघडण्याचा अधिकार त्या तरुणांना कोणी दिला होता? कोणीच नाही.

महाराष्ट्राचा प्राणी रक्षण कायदा ४ मार्च २०१५ पासून कडक झाला. गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. त्यांच्या कत्तलीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार या कायद्यानं दिला आहे तो उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या पोलिसाला किंवा सरकारनं रीतसर अधिकृत केलेल्या व्यक्तीला. गळ्यात उपरणं घालून टोलनाक्यावर उभ्या राहिलेल्या जमावाला नाही.

या कायद्याविरुद्धच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०१६ रोजी निकाल दिला. न्या. अभय ओक आणि न्या. सुरेश गुप्ते यांच्या पीठानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण दोन कलमं रद्द केली. परराज्यात कायदेशीररीत्या झालेल्या कत्तलीचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५ड खासगीपणाच्या हक्काच्या विरुद्ध ठरलं. आणि आरोपीनंच आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं, असं सांगणारं कलम ९ब घटनाबाह्य ठरलं. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुट्टस्वामी निकालाच्या वर्षभर आधी आपल्या उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की माणसाच्या ताटात काय आहे, हे त्याच्या घरात शिरून पाहणं शासनाचं काम नाही. जे शासनाचं काम नाही, ते रेल्वेच्या डब्यातल्या टोळक्याचं कुठून होणार?

सामान्य नागरिक दुसऱ्याला पकडू शकतो, पण फक्त त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा तो माणूस फरार जाहीर झालेला गुन्हेगार असेल तरच. पकडल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं (कलम ४०). झडतीचा अधिकार त्याला अजिबात नाही. रस्ता अडवणं आणि डांबून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेत (कलम १२६, १२७) गुन्हे आहेत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा अशा कारणानं खून केला तर कलम १०३(२) खाली प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते.

संशयाची ही आग फक्त आपल्यालाच जाळते, असं समजू नका. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ते मुसलमान नव्हते. भिक्षा मागून पोट भरणारे गरीब भटके लोक होते. त्यांचाही गुन्हा एवढाच की ते अनोळखी होते. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

दीनची शिकवण

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहनं ईमानवाल्यांना फार संशय घेण्यापासून आणि एकमेकांच्या गोष्टी हुडकण्यापासून रोखलं आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय आणि सलाम केल्याशिवाय न जाण्याचा हुकूम आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली एक रिवायत प्रसिद्ध आहे. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घरातून आवाज आला. ते भिंत चढून आत गेले तर तो माणूस दारू पीत होता. हजरत उमर रागावले. तेव्हा तो माणूस म्हणाला की मी एक चूक केली, पण आपण तीन केल्या: लपून पाहिलंत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामशिवाय आलात. अमीरुल मोमिनीननं आपली चूक मान्य केली आणि ते परत फिरले. समोरच्याकडे गुन्हा सापडला, म्हणून शोधण्याची वाट चुकीची असूनही बरोबर ठरली नाही. आजच्या वकिलाला आणि पोलिसालाही हाच मुद्दा शिकावा लागतो.

पण ही शिकवण आपल्यालाही लागू आहे. न तपासता आलेली चित्रफीत पुढे ढकलणं, मोहल्ल्यात आलेल्या अनोळखी फेरीवाल्याला दरडावणं, शेजाऱ्याच्या पोराला पोलिसांनी नेलं म्हणून त्याला गुन्हेगार ठरवणं, हेही त्याच संशयाचे प्रकार आहेत. खालांना पोलिसांपेक्षा मोहल्ल्यातल्या प्रश्नांचा त्रास जास्त झाला, हे विसरू नका.

रस्त्यावर थांबवलं तर

घरातल्या मुलांना पुढच्या गोष्टी जरूर सांगा.

थांबायला सांगितलं की थांबा. पळणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणं बंधनकारक आहे (कलम १७२). आवाज चढवू नका, अंगावर हात टाकू नका.

वाहनाची कागदपत्रं तयार ठेवा. परवाना, नोंदणी, विमा डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेलेही चालतात. माल असेल तर बिल ठेवा. मोड, भंगार, जनावरं किंवा मांस यांचा व्यवसाय करणाऱ्यांनी खरेदीची वही रोज लिहावी: तारीख, गाव, वजन, देणाऱ्याची सही. आपल्या बाजूचा कागद आपणच तयार ठेवायचा.

नम्रपणे तीन प्रश्न विचारा: "साहेब, आपलं नाव आणि ठाणं? मला कोणत्या कारणानं थांबवलं आहे? मला अटक आहे की मी जाऊ शकतो?" काही काढून घेतलं तर पावती मागा. दिली नाही तर वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, सोबत कोण होतं, हे घरी पोहोचल्याबरोबर लिहून काढा.

स्त्रियांनी स्त्री पोलिसाचा आग्रह धरावा. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलं आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना ठाण्यात बोलावता येत नाही, ती त्यांच्या घरीच व्हायला हवी (कलम १७९).

पोलीस नसलेल्यांनी अडवलं तर वाद न घालता ११२ वर फोन करा. जीव आधी, हक्क नंतर.

तक्रार करायची असेल तर स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे करा आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण साठवून ठेवण्याचा आदेश दिला आहे. पुढची पायरी म्हणजे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा फोन १५१००. स्त्रिया आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

एक मागणी

आपल्या आमदारांकडे, शांतता समितीच्या बैठकीत, मोहल्ला सभेत आपण एक साधी मागणी लावून धरू शकतो. नाकाबंदीत कोणाला थांबवून झडती घेतली, तर वेळ, कारण, अधिकाऱ्याचं नाव आणि काय सापडलं, एवढं लिहिलेली चिठ्ठी त्या माणसाला द्यावी. मोबाइलवरून चालान एका मिनिटात पाठवणाऱ्या व्यवस्थेला हे जड नाही. ही मागणी मुसलमानांची म्हणून मांडू नका. डवरी गोसावी, पारधी, भंगारवाला, ट्रकचालक, रात्रपाळीहून परतणारा कामगार, सगळ्यांची आहे. प्रामाणिक पोलिसालाही तिचा आधारच होईल.

खालांचा मुलगा आता खिशात वही ठेवतो. परवा त्याला पुन्हा थांबवलं. त्यानं वही दाखवली, अधिकाऱ्यानं ती चाळली आणि पाच मिनिटांत सोडलं. घरी आल्यावर त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ आणि 'काही सापडलं नाही' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. खालांनी ते पान मला आणून दाखवलं आणि म्हणाल्या, "बेटी, खाली सही मात्र त्यांची हवी होती."